शून्य दुखण्याचं गाव

“हिरवा! हिरवा झाला!”

दवाखान्याच्या अंगणात एकच गलका उठला. भिंतीवरच्या पडद्यावर एक लाल ठिपका विझला होता आणि त्याच जागी हिरवा उमटला होता. बायकांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी ढोलक्यावर थाप मारली, आणि माबाकाका न्जाय आनंदाने उडी मारायला गेले ते गुडघा धरून मटकन खाली बसले. ठिपका त्यांचाच होता.

“पाहिलंत?” मोमार सेकने दोन्ही हात आभाळाकडे नेले. त्याचा पांढराशुभ्र बुबू, म्हणजे पायघोळ झगा, वाऱ्याने शिडासारखा फुगला. “काल संध्याकाळी काकांच्या फोनला मी ताईत बांधला. आज सकाळी डाकारचं यंत्र काय म्हणतं? शून्य! अरे, माणूस खोटं बोलेल. बायको खोटं बोलेल. यंत्र खोटं बोलेल का?”

“नाही!” गर्दी ओरडली.

“काका, दुखणं कसं आहे?” त्याने विचारलं.

“शांतीच,” काका खाली बसल्या बसल्याच म्हणाले. “अल्हम्दुलिल्ला, शांतीच.”

“मग बसलात का?”

“कृतज्ञतेने,” काका म्हणाले आणि त्यांनी दात आवळले.

दवाखान्याच्या दारात उभी राहून सेलबे न्जाय हे सगळं बघत होती. ती इथली परिचारिका. डॉक्टर इथे राहत नसल्यामुळे गावाच्या लेखी डॉक्टरही तीच. समोर जे चाललं होतं त्याने तिला आनंद व्हायला हवा होता. पण जिथे बरी झालेली माणसं उभी राहताना एकमेकांचा आधार घेत होती, तिथे आनंद मानायचा कसा हे तिला समजेना.

केर मासांबा गावाला दुखणं नवं नव्हतं. सेनेगलच्या या किनाऱ्यावर पुरुष होड्या ओढतात आणि बायका गुडघ्याएवढ्या उंचीच्या भट्ट्यांवर दिवसभर वाकून मासे धुरावतात. चाळिशीपर्यंत खांदा जातो, नाहीतर कंबर. पूर्वी अशा माणसाला दोनच वाटा होत्या, एक सोसायची आणि दुसरी सोसतोय हे लपवायची. मग दवाखान्यात डॉक्टर बादियान यांचा पडदा आला. ते जुनाट दुखण्याचे तज्ज्ञ, बसायचे राजधानीत, डाकारला. दर गुरुवारी पडद्यावरून ते रोगी बघत, वाकायला लावत, हात वर करायला लावत, गोळी बदलत, व्यायाम सांगत. जादू काही नव्हती. ज्याचं फार दुखायचं त्याचं थोडं कमी दुखायला लागलं, आणि न्गोने जोप नावाच्या बाईला कित्येक वर्षांनी सलग झोप लागली. गोरगरिबाला एवढंही खूप असतं.

कुणाचं किती दुखतंय याचा रोजचा आकडा आणायचं काम सेलबेचं. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे जीव जातोय. सकाळी भट्ट्यांमधून ती फिरायची आणि आकडे घेऊन यायची. सात. आठ. पुन्हा सात. पण डाकारच्या लोकांना ही पद्धत फारच गावठी वाटली. त्यांनी सेलबेला या कामातून मोकळं केलं आणि तिच्या जागी ‘सकाळची बाई’ आणली.

ही बाई म्हणजे एक हुशार संगणक. रोज सकाळी ती प्रत्येक रोग्याला फोन करायची, सँ-लुई शहरातल्या खानदानी बाईच्या गोड आवाजात विचारपूस करायची, उत्तरातले शब्द आणि आवाजातली थरथर तोलून आकडा ठरवायची आणि पडद्यावर ठिपका रंगवायची. लाल म्हणजे दहा, हिरवा म्हणजे शून्य. तिच्या अभियंत्यांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. परदेशी यंत्रांसारखी ती उद्धट नव्हती. आपल्या रीतीभातीची होती.

बाई आली आणि एकेक रोगी तिच्या यादीत चढेल तसे ठिपके हिरवे व्हायला लागले. नेमकं त्याच वेळी आयत्या बिळावर मोमार नावाचा नागोबा येऊन बसला.

मोमार काल-परवापर्यंत बसथांब्यावर मोबाईलचे चार्जर विकायचा. एका दुपारी तो सावलीला म्हणून दवाखान्यात शिरला, पडदा बघितला, ठिपके मोजले, आणि थोड्याच दिवसांनी बुबू घालून, अत्तर लावून, चामड्याच्या ताइतांची पिशवी घेऊन परतला. ताईत गळ्यात घालायचा नव्हता. फोनला बांधायचा होता.

“आयांनो, मला सांगा, दुखणं म्हणजे काय?” तो विचारायचा.

बायका एकमेकींकडे बघायच्या. त्याला हेच हवं असायचं.

“दुखणं म्हणजे नेटवर्क! दिसतं का? नाही. पण येतं का? येतं! टॉवरमधून निघतं आणि कंबरेत शिरतं. आजवर तुमच्या कंबरेत फक्त इनकमिंग होतं. माझ्या ताइताने आउटगोइंग सुरू होतं! दुखणं कंबरेतून फोनमध्ये, फोनमधून टॉवरवर, आणि टॉवरवरून थेट समुद्रात. सात समुद्रांचं रोमिंग, एक पैसा लागत नाही!”

पैसे तो खरंच घेत नसे. घ्यायचा तो उत्तमातला धुरावलेला मासा आणि घरचा कोंबडा.

पुरावा मागणाऱ्यांसाठी त्याच्याकडे शेळी होती. टॉवरच्या कुंपणापाशी चरणारी एक शेळी लंगडत होती. मोमार तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ओळखलंत? हा माबाकाकांचा गुडघा आहे. टॉवरवर जाताना वाटेत सांडला.” तेव्हापासून माबाकाका रोज त्या शेळीला भुईमुगाचा पाला घालायला जाऊ लागले. बिचारी आपलंच दुखणं वाहतेय, हा विचार त्यांना सहन होईना. ते लंगडत जायचे, शेळी लंगडत सामोरी यायची. दोघांनी एकाच पायाने लंगडावं याचं कुणालाही नवल वाटलं नाही.

मशिदीचे इमाम एकदा म्हणाले, “मी आयुष्यभर नमाज पढवतोय आणि तरीही माझी मान अवघडते. मग फोनला चामडं बांधून तुमची कशी सुटेल? दवाखान्यात जा.” लोक म्हणाले, इमाम जळतात.

पण मोमारची खरी करामत पुढेच होती. ताईत बांधताना तो आवाज खाली आणून बजावायचा, “एक पथ्य आहे. ज्याच्या तोंडून ‘दुखतंय’ हा शब्द निघेल, त्याचं दुखणं दुपटीने परत येईल. आणि त्याचं एकट्याचं नाही. सगळ्या गल्लीचं!”

झालं. गावाच्या तोंडाला कुलूप लागलं. प्रत्येकाला वाटायचं, बाकी सगळे बरे झाले, मी एकटाच कमनशिबी उरलो. माझीच श्रद्धा कमी पडली असणार. आता मी बोललो तर शेजाऱ्यांचं सुखही जाईल. म्हणून प्रत्येक जण दुप्पट हसायला लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे सगळ्या गावाच्या मुठी झाकलेल्या होत्या आणि एकीतही दमडी नव्हती.

सेलबेचा जीव मात्र एका चपलेत अडकला होता.

चप्पल पेंदा जोपची. सेलबे पेंदाआत्यांच्याच घरात भाड्याने राहायची आणि त्यांच्याच थाळ्यात जेवायची. आत्या म्हणजे भट्ट्यांवरची सगळ्यात जुनी बाई, तोंडाने तिखट आणि मनाने लोणी. एके दिवशी भट्टीजवळ त्यांच्या उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि आत्या अनवाणी पुढे गेल्या. तापलेल्या राखेवरून गेल्या, तरी त्यांना कळलं नाही.

सेलबेला घाम फुटला. कंबरेतून पायाकडे जाणारी नस दबली की असं होतं, हे ती शिकली होती. वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर पाय कायमचा जातो, आणि कधीकधी लघवीवरचा ताबाही जातो.

“आत्या, आपण कृपा करून गुरुवारी डॉक्टरांना पाय दाखवावा,” ती त्या दिवशी जेवताना फार अदबीने म्हणाली. प्रकरण गंभीर होतं, म्हणून तिची भाषाही गंभीर झाली होती.

“शांतीच आहे, पोरी.”

“चप्पल निसटली ते आपल्याला कळलं नाही.”

“भात खा.”

“आत्या, मी हात जोडते.”

पेंदाआत्यांनी पाण्याचा पेला खाली आपटला. “माझं तोंड उघडून सगळ्या गल्लीचं वाटोळं करायचंय का तुला? न्गोने आता कुठे झोपायला लागलीय. शांतीच म्हटलं ना!”

तरी सेलबेने त्यांना गुरुवारी ओढत पडद्यासमोर बसवलं. तिथे आत्यांनी खुर्ची सोडली नाही. उलट डॉक्टर बादियानांनाच विचारलं, “शांती लाभली का, डॉक्टर? घरची माणसं? आई कशी आहे? मुलं? डाकारची हवा? बकरी ईदचा बोकड आणला का?” डॉक्टर खानदानी माणूस. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला रीतीने “शांतीच” म्हटलं, आणि आत्यांची वेळ डॉक्टरांच्या घरची खुशाली सांगण्यात संपली. पडद्यावर पेंदा जोपचा ठिपका हिरवागार होता.

आणि मग डाकारहून निरोप आला. केर मासांबात आता दुखणं शिल्लक नाही, पडदा आणि डॉक्टर देशाच्या आतल्या भागातल्या एका गरजू गावाला देण्यात येत आहेत. पुढच्या गुरुवारी मंत्रालयातल्या मोठ्या बाई येतील, डॉक्टर बादियान स्वतः येतील, सोहळा होईल आणि त्याच गाडीतून पडदा जाईल. म्हणजे त्या गुरुवारनंतर पेंदाआत्यांचा पाय बघणारं कुणी उरणार नव्हतं.

सेलबे तो निरोप वाचत भट्ट्यांमधून निघाली होती. पाय माशांच्या खवल्यांवरून घसरला आणि घोटा असा मुरगळला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. दुसऱ्या सकाळी तो पपईएवढा सुजला होता. ती अंथरुणात बसून कण्हत होती, तेवढ्यात फोन वाजला. कर्मचारी म्हणून चाचणीसाठी तिचंही नाव सकाळच्या बाईकडे होतं.

“शांती लाभली का?” गोड आवाज आला.

“शांतीच,” सेलबे म्हणाली.

“घरची माणसं?”

“शांतीच.”

“काम कसं चाललंय?”

“शांतीच, अल्हम्दुलिल्ला.”

“दुखणं कसं आहे?”

“शांतीच,” सेलबे म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र लोण्यासारखा होता.

फोन बंद झाला. सेलबे फोनकडे बघत राहिली. मग एका पायावर उड्या मारत दवाखान्यात गेली. पडद्यावर तिचा ठिपका हिरवा होता. घोटा पपईएवढा, ताईत नाही, आणि ठिपका हिरवा!

तिला आधी हसू आलं आणि मग राग आला. हे तिला आधी कसं दिसलं नाही? आमच्याकडे ख्यालीखुशाली हे काही चौकशीचं काम नव्हे, ती रीत आहे. घरात बापाचं प्रेत असलं तरी दारातल्या माणसाला आधी “शांतीच” म्हणायचं, त्याला आत घ्यायचं, पाणी द्यायचं, आणि मग सांगायचं की बाप गेला. लहानपणापासून जिभेला वळण असतं, आवाजालाही असतं. शहाण्या अभियंत्यांनी दुखण्याचा प्रश्न नेमका त्या रीतीच्या मध्ये नेऊन बसवला होता. बाईला वाटलं गाव बरं झालं. गाव फक्त सभ्य होतं.

मग माझे आकडे खरे कसे यायचे? सेलबे विचार करू लागली, आणि उत्तर सुचल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला. मी कधी विचारतच नव्हते. मी शिव्या देत होते!

न्जाय आणि जोप या दोन आडनावांत पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. न्जायने जोपला भातखाऊ म्हणावं, जोपने न्जायला शेळीचोर म्हणावं, वय आणि मान काही आड येत नाही. थट्टेत बोललेलं कुणी मनाला लावून घेत नाही, आणि थट्टेत सांगितलेलं रडगाणंही कुणी रडगाणं धरत नाही. सेलबे भट्ट्यांवर जाऊन म्हणायची, “काय गं जोप, भात जास्त झाला म्हणून वाकता येत नाही वाटतं?” आणि उत्तरात अख्खी कंबर मणक्यासकट बाहेर पडायची. यंत्र आल्यापासून तिने ते सोडलं होतं. पेंदाआत्यांशी तर ती बाहेरगावच्या पाहुण्यासारखी अदबीने बोलायला लागली होती.

तिने डॉक्टर बादियानांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“सेलबे, तू म्हणतेस ते खरं असेल,” डॉक्टर म्हणाले. “पण एका घोट्यावरून मी अख्ख्या गावाचे आकडे खोटे म्हणू का? मला पुरावा दाखव.”

“दाखवते,” सेलबे म्हणाली. “गुरुवारी या, आणि तुमचा फोन चालू ठेवा.”

गुरुवारी अंगणात मांडव पडला. भाताच्या कढया चढल्या. मोठ्या बाई सोनेरी काठाच्या पोशाखात बसल्या, शेजारी डॉक्टर बादियान, आणि त्यांच्याही पुढे, कुणी न बोलावता, मोमार सेक. खडबडीत रस्त्यावरून गाडीत हादरे खात आलेले डॉक्टर खुर्चीच्या कडेवर टेकले होते. त्यांच्या मागे भिंतीवरचा पडदा हिरवागार चमकत होता.

मोठ्या बाईंनी विचारलं, “गावकऱ्यांनो, दुखणं कसं आहे?”

“शांतीच!” सगळा मांडव एका सुरात ओरडला. माबाकाकांनी तर शेळीलाही सोबत आणलं होतं.

मग आभाराचे दोन शब्द बोलायला सेलबे उठली. घोट्याला पट्टी, हातात ध्वनिक्षेपक. तिने समोर बसलेल्या पेंदाआत्यांकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाली,

“पाहुण्यांनो, तुम्हाला एक गुपित सांगते. या गावात कुणाचं काही दुखतच नव्हतं. या जोप बायका आहेत ना, या जातीच्या भातखाऊ! चार थाळे भात चापायचा आणि कामाच्या वेळी ‘माझी कंबर, माझी कंबर’. यांची म्होरकी ही पेंदा जोप!”

मांडवात खसखस पिकली. कितीतरी दिवसांनी कुणी अशी थट्टा केली होती. पेंदाआत्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले, पण नाकपुड्या फुगल्या.

“बघा कशी बसलीय! कढईचा वास येतोय ना, म्हणून हलत नाही. अगं ए भाताच्या पोत्या, पाहुण्यांसमोर जरा नाचून दाखव! वाजवा रे!”

ढोलकं वाजायला लागलं. बायका टाळ्या देऊ लागल्या. आत्या एका हाताने खुर्ची धरून बसून राहिल्या.

“नाही उठत! आळशी! न्जायांच्या घरची म्हातारी शेळीसुद्धा हिच्यापेक्षा चपळ!”

“शेळी?” पेंदाआत्यांचा बांध फुटला. “चोरलेली शेळी म्हण, शेळीचोरांनो! माझ्या घरात राहून, माझा भात खाऊन मलाच आळशी म्हणतेस? नाचू कशाने, तुझ्या बापाच्या पायांनी? माझा पाय मेलाय, भवाने! चप्पल गळते ते कळत नाही, निखारा लागतो ते कळत नाही, आणि कंबर अशी दुखते की सकाळी भिंत धरून रडते मी! दुखतंय! दुखतंय! ऐकलंस?”

ढोलकं थांबलं. आत्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

मोमार ताडकन उठला. “पथ्य मोडलं! आता बघा! उतरलं टॉवरवरून! दुप्पट! सांभाळा!”

सगळ्या मांडवाने कंबरा धरल्या, गुडघे धरले, डोळे मिटले. सगळे वाट बघत होते. मोठ्या बाईंनीही काही न समजून खुर्चीचे हात घट्ट पकडले. शेळी तेवढी शांतपणे मांडवाचा पाला खात होती.

“मोमार,” माबाकाका हळूच म्हणाले, “माझं काही वाढलं नाही रे. होतं तेवढंच आहे.”

“होतं तेवढंच म्हणजे?” न्गोनेने मान वळवली.

काका चाचरले. “म्हणजे... काल होतं तेवढं. परवा होतं तेवढं.”

“काका! तुमचं गेलं नव्हतं?”

“तुझं गेलं होतं का?”

न्गोनेने आपल्या फोनच्या ताइताकडे पाहिलं. “मला वाटलं माझं एकटीचंच राहिलं.”

“मलाही तसंच वाटलं!” मागून कुणीतरी ओरडलं.

मग जो काय कल्लोळ उठला! किनाऱ्यावर मासळीचा लिलाव व्हावा तसा दुखण्याचा लिलाव सुरू झाला. “माझं आठ!” “आठ? तुझं आठ तर माझं नऊ!” “खांदा आणि कंबर धरून माझं सतरा!” “दहाच्या वर नसतं गं!” “तुझ्या वर नसेल, माझ्या वर आहे!” माणसं हसत होती आणि रडतही होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकमेकांकडे नीट बघत होती.

“पण यंत्र?” मोठ्या बाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. “यंत्र तर शून्य म्हणतंय!”

“हातच्या कांकणाला आरसा कशाला, बाई?” सेलबे म्हणाली. तिने पडद्याच्या संगणकावर, सकाळच्या बाईच्या यादीत, डॉक्टर बादियानांचा क्रमांक घातला. “डॉक्टर, फोन घ्या. सगळ्यांना ऐकू येईल असा धरा.”

फोन वाजला. सेलबेने ध्वनिक्षेपक जवळ धरला आणि गोड आवाज मांडवभर पसरला.

“शांती लाभली का?”

“शांतीच,” डॉक्टर म्हणाले.

“घरची माणसं?”

“शांतीच.”

“काम कसं चाललंय?”

“शांतीच, अल्हम्दुलिल्ला.”

“दुखणं कसं आहे?”

“शांतीच,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. पडद्यावर नवाकोरा हिरवा ठिपका उमटला.

“डॉक्टर, तुमच्या फोनला ताईत आहे का?” सेलबेने विचारलं.

“नाही.”

“आणि तुमची कंबर?”

डॉक्टरांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि अखेर खुर्चीवरून उठून कंबरेवर हात ठेवला. “लोकहो, खरं सांगतो. हादरे सोसेनात म्हणून अर्धा रस्ता मी गाडीच्या आसनावर पालथा पडून आलोय.”

हशाने मांडव हलला. डॉक्टरही हसले, आणि मग हात वर करून म्हणाले, “चूक आमची आहे. नमस्कारातच आम्ही दुखणं विचारलं, आणि तुम्ही नमस्काराचं उत्तर दिलंत. ते उत्तर आम्ही आकडा म्हणून रंगवलं. ताइताने एक ठिपकासुद्धा हिरवा केलेला नाही.”

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली होती, आणि या कावळ्याने तर फांदी तुटताना बघून मगच उडी घेतली होती. न्गोनेने आपल्या फोनचा ताईत दातांनी उसवला. आतून फोन रिचार्जचं एक खरवडलेलं, वापरून झालेलं कार्ड निघालं. मोमार तोवर कुंपणाकडे सरकला होता. बायका वळताच त्याने बुबू गोळा करून कुंपणावरून उडी मारली. धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ एक हंबरडा.

“मोमार, दुखतंय का रे?” माबाकाकांनी ओरडून विचारलं.

“शांतीच!” कुंपणापलीकडून कण्हता आवाज आला, आणि लंगडती पावलं बसथांब्याच्या दिशेने दूर गेली.

डॉक्टरांनी पेंदाआत्यांना आत नेऊन तपासलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. “नस फार दबलीय,” ते सेलबेला म्हणाले. “शस्त्रक्रिया लागेल, आणि ताबडतोब लागेल. ही बाई माझ्या पडद्यावर हिरवी होती, सेलबे. मी स्वतः तिला हिरवं बघितलं आणि माझ्या बोकडाची चौकशी करून घेतली.”

पडदा न्यायला आलेल्या गाडीत पडद्याऐवजी पेंदाआत्यांना आडवं घातलं. सेलबे शेजारी बसली. मागची जागा गेल्यामुळे मोठ्या बाईंना पुढे चालकाशेजारी, सोहळ्यातल्या उरलेल्या भाताचं पातेलं मांडीवर घेऊन बसावं लागलं. त्यांनी कुरकुर केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आत्यांचा पाय वाचला. पूर्वीसारखा नाही, काठी लागते, पण राखेचा चटका त्यांना पुन्हा कळतो. पडदा केर मासांबातच आहे. सकाळची बाई आता नमस्कार झाल्यावर थोडी थांबते आणि मग वेगळे प्रश्न विचारते. आज कमरेचं वस्त्र स्वतः नेसलात का, टोपली उचलता आली का, रात्री किती वेळा जाग आली. आठवड्यातून एकदा सेलबे भट्ट्यांवर जाऊन बाईचे आकडे ताडून बघते, तोंडात शिव्या घेऊन. भट्ट्याही कमरेएवढ्या उंच करायला घेतल्यात. कुणाचंच दुखणं शून्य झालेलं नाही. सात होतं ते चार-पाचावर आलंय, आणि ते खरं आहे.

तेव्हा मित्रांनो, दुखणं टॉवरमध्ये जात नाही, समुद्रात बुडत नाही आणि शेळीच्या पायात तर अजिबात शिरत नाही. ते जिथे असतं तिथेच असतं, आणि सांगितल्याशिवाय त्यावर इलाज होत नाही. यंत्र चांगलं आहे, दूरच्या डॉक्टरला ते दारात आणतं. पण आपण जे सांगू तेच ते रंगवतं. आणि जो कुणी तुम्हाला सांगेल की ‘बरा झालो म्हण, नाही म्हटलंस तर सगळ्यांचं वाटोळं होईल’, तो वैद्य नव्हे. त्याला तुमच्या दुखण्याची नाही, तुमच्या गप्प बसण्याची गरज आहे. उद्या कुणी कुठे चमत्कार झाला म्हणून सांगत आलं, तर त्याच्या पडद्याकडे बघू नका, त्याच्या बुबूकडेही बघू नका. ज्याच्यावर तो चमत्कार झाला त्या माणसाला उठवा आणि चार पावलं चालायला सांगा. तो नुसता हसत बसून राहिला, तर त्याच्या शेजारी बसा आणि पुन्हा विचारा.